प्रबंध कपाटात, रुग्ण रांगेत

सांगानेर म्हटलं की आपल्याला चादरी आठवतात, पांढऱ्या कापडावर बारीक बुट्ट्यांचे ठसे. हातकागद आठवतो. जयपूरचं विमान जिथे उतरतं ते ठिकाण म्हणूनही नाव कानावर असतं. राजस्थानातल्या तरुण डॉक्टरांना मात्र सांगानेर ठाऊक असतं ते वेगळ्याच कारणाने. टोंक रोडच्या बाजूला प्रतापनगरात, कुंभा मार्गावर, २००५ साली स्थापन झालेलं राजस्थान आरोग्यविज्ञान विद्यापीठ आहे. सगळे त्याला आरयूएचएस म्हणतात. थोडं पुढे सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत महात्मा गांधी वैद्यकीय विद्यापीठ. रंगाऱ्यांच्या आणि कागद बनवणाऱ्या कागदी लोकांच्या या गावाच्या अंगाला आज दोन वैद्यकीय विद्यापीठं लागून आहेत, आणि राज्यभरातल्या सरकारी कॉलेजांतल्या एमडी-एमएसच्या मुलांचे प्रबंध वर्षानुवर्षं यातल्या पहिल्या पत्त्यावर येत राहिले.

प्रत्येक प्रबंधामागे पन्नास, शंभर, कधी दोनशे माणसं असतात. त्यांनी रक्त दिलं, लघवी दिली, एक्स-रे काढून घेतला, ‘परत या’ म्हटल्यावर रोज बुडवून परत आले. त्या सगळ्यातून काय निघालं, हे त्यांना कुणी सांगितलं का? ज्याच्या अंगावर संशोधन केलं त्याला उत्तर देणं ही उधारी आहे. आपल्या वैद्यकीय विद्यापीठांनी ती थकवली आहे; सांगानेरने थकवली आहे आणि आपल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानेही. आज मला एवढंच बोलायचं आहे, आणि ते जरा मोठ्याने बोलायचं आहे.

पदव्युत्तर विद्यार्थी वॉर्डात रुजू झाला की पहिल्या काही महिन्यांत त्याला ‘सिनॉप्सिस’ द्यावा लागतो. विषय बहुधा गाईड सुचवतात. मागच्या बॅचच्या विषयात एखादा शब्द बदलून नवा विषय तयार होतो, कारण ड्यूटीचे तास मोजण्यापलीकडचे असतात आणि तारीख तोंडावर आलेली असते. सॅम्पल साईझ ठरतो तो दीड-दोन वर्षांत किती रुग्ण हाताला लागतील त्यावर. एथिक्स कमिटी होते, प्रोफॉर्मा छापला जातो, रुग्णाची सही किंवा अंगठा घेतला जातो. शेवटी काळी किंवा मरून बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. परीक्षकाची नजर फिरली की प्रत ग्रंथालयात आणि मुलगा मोकळा. बहुतेक प्रबंध कुठल्याही नियतकालिकात छापून येत नाहीत. मी या मुलांना दोष देणार नाही. छत्तीस-छत्तीस तास जागून ती वॉर्ड सांभाळतात. दोष आहे तो ही रीत चालू ठेवणाऱ्यांचा.

अशा एखाद्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उघडून बघा. तिथे ‘मास्टर चार्ट’ असतो, घडी घातलेला, आडव्या कागदावर बारीक टायपात. एका ओळीत एक माणूस: अनुक्रमांक, वय, पु. की स्त्री, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, कुठलं औषध, किती दिवस. डावीकडचे रकाने गच्च भरलेले असतात. उजवीकडे सरकत गेलात की शेवटचा रकाना येतो, ‘फॉलोअप’. तिथे डॅश, डॅश, डॅश. माणूस घरी गेल्यावर त्याचं काय झालं, गोळ्या परवडल्या का, जिना चढता आला का, पुन्हा कामाला लागला का, हे सांगणारा रकाना रिकामा असतो. रोजच्या उपचारांत ज्याने फरक पडला असता, ते नेमकं तिथेच लिहायचं होतं.

हा रकाना भरला तर काय होतं ते बघायला आता कोकणात या.

१९७६ साली हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचू चावलेली माणसं यायची. पेंढ्यात हात घातला, गडग्याचा दगड उचलला, मोळी खांद्यावर घेतली की डंख. सुरुवातीला नुसती कळ. मग ओकाऱ्या, घामाच्या धारा, तोंडाला पाणी, हातपाय बर्फासारखे गार, पुरुष आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं. काही तासांनी धाप लागायची, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि धडधाकट पोर डोळ्यांदेखत जायचं. अशा गंभीर रुग्णांतली तीसेक टक्के माणसं दगावत. पुस्तकात यावर धड काही नव्हतं. बावस्कर खाटेपाशी बसून राहिले. तासातासाला नाडी, रक्तदाब, हातपायांचा गारवा, घाम, सगळं लिहीत गेले. ओकारी, घाम, गार हातपाय ही पहिल्या तासांतली लक्षणं पुढे हृदयावर होणाऱ्या हल्ल्याची सूचना देतात, हे त्या टिपणांतून निघालं. १९८२ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. हाताशी होता स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र आणि वही.

पुढची पायरी त्याहून मोठी. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं, हे कळल्यावर त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध हवं होतं. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी त्या कामाला आली. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून एकदोन टक्क्यांवर उतरलं. ही गोळी आरोग्य केंद्रात ठेवता येते, नर्सला देता येते, अँब्युलन्सची वाट बघत असताना देता येते.

यातलं मला सर्वांत मोठं वाटतं ते नंतरचं काम. विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष, मिळू लागल्यावर बावस्कर पतीपत्नींनी महाडमध्ये स्वतःच्याच औषधाची परीक्षा घेतली. ७० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, ३५-३५ जणांचे. एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी दुसऱ्या गटातले ३२ जण बरे झाले होते, पहिल्यातले ८. ‘बीएमजे’ने २०११ साली हा अभ्यास छापला. ज्या गोळीने आपल्याला नाव दिलं ती एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतः मोजलं आणि जगाला सांगितलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या लेखी महाडच्या त्या ७० माणसांचं देणं त्याआधी अकरा वर्षं, निकाल छापला तेव्हाच फिटलं होतं.

जयपूरलाही हे शिकायला महाडला यायची गरज नाही. त्यांच्या घरातच उदाहरण आहे. सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ प्रमोद करण सेठी पाय गमावलेल्यांना परदेशी बनावटीचा कृत्रिम पाय बसवायचे आणि माणसं तो घरी नेऊन कोपऱ्यात ठेवायची. का? कारण त्या पायाने उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलात भात लावता येईना, देवळात अनवाणी जाता येईना. पाय उत्तम होता, तो बुटासाठी आणि खुर्चीसाठी बनलेला होता. फारसं शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत, यांनी रबर वापरून साचा घडवला. माणसाला घालून बघायचं, काय जमत नाही ते ऐकायचं, पुन्हा बदलायचं. १९६८ च्या सुमारास जयपूर फूट उभा राहिला. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गरिबांपर्यंत फुकट पोचवला. १९८१ साली सेठींना मॅगसेसे मिळालं. इथे रुग्णाची तपासणी हाडाच्या लांबीवर थांबली नाही. ‘तुला काय करायचंय?’ हे विचारलं गेलं आणि मिळालेल्या उत्तराबरहुकूम पाय बदलला.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनीही दोन गावांतल्या ६५० बायकांना त्यांचा त्रास काय ते विचारलं आणि तपासलं. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासाने जगाला सांगितलं की यातल्या ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच समजणाऱ्या सगळ्या सरकारी कार्यक्रमांना ती चपराक होती.

मग आजची मोठाली रुग्णालयं, संगणक, एमआरआय, हजारो खाटा असताना काय होतं? कोविडचं बघू, कारण सांगानेरने तो जवळून पाहिला. प्रतापनगरचं आरयूएचएस रुग्णालय जयपूरचं मोठं कोविड रुग्णालय होतं. मार्च २०२० मध्ये जयपुरातच, सवाई मानसिंहमध्ये, इटलीहून आलेल्या एका पर्यटक दांपत्याला एचआयव्हीची दोन औषधं, लोपिनाविर आणि रिटोनाविर, देऊन पाहिली गेली. हाती दुसरं काही नव्हतं. डॉक्टरांनी केलं त्यात गैर नाही. देशभर बातम्या झळकल्या. पण एकदोन रुग्णांवरून औषध कळत नसतं. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी रोजच्या उपचारातच संशोधन मिसळलं. दाखल करताना छोटा फॉर्म, सुटताना किंवा २८ दिवसांनी आणखी एक, बस्स. कुणाला कुठलं औषध ते संगणक ठरवणार. पावणेदोनशे रुग्णालयं एकाच प्रश्नाला भिडली. १६ जून २०२० ला, तीन महिन्यांच्या आत, जगाला उत्तर मिळालं: डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काही फायदा नाही. एचआयव्हीच्या औषधांचा निकालही महिनाअखेर आला. उपयोग नाही.

आता डेक्सामेथासोनच्या निकालाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ऑक्सिजन लागत नसेल तर फायदा नाही. हे वाक्य आपल्या गल्लीतल्या दवाखान्यांपर्यंत पोचलंच नाही. ‘स्टिरॉइड चालतं’ एवढंच पोचलं. दुसऱ्या लाटेत ताप आला की पहिल्या दिवसापासून स्टिरॉइड, मधुमेह आहे की नाही न बघता, साखर न मोजता. मग म्युकरमायकोसिस आला. माणसांचे डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले. १९ मे २०२१ ला राजस्थानने या बुरशीला साथरोग जाहीर केलं. महाराष्ट्रात काय झालं ते आपण सगळ्यांनी आपापल्या नात्यागोत्यात पाहिलं आहे. संशोधन अर्धं पोचलं की ते माणसं मारतं. हे मी रागाने लिहितो आहे आणि तो राग मला लपवायचा नाही.

‘इंग्लंडला जमतं, आपल्याला नाही’ असं म्हणाल तर तेही खरं नाही. आपल्या आयसीएमआरने २०२० च्या एप्रिल ते जुलैत प्लाझ्माची, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाची, चाचणी केली. ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण, नीट चिठ्ठ्या टाकून केलेले गट. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांची प्रकृती ढासळली किंवा मृत्यू झाला. न मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांची. फरक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘बीएमजे’ने ते छापलं. जगाने हा भारतीय अभ्यास मान वर करून वाचला. आणि आपण? एप्रिल २०२१ मध्ये आपल्या फोनवर काय येत होतं आठवा: ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा’. मुलगे बापाला खाटेवर सोडून दाते शोधत शहरभर फिरत होते. आपल्याच देशाने, आपल्याच पैशाने, आपल्याच रुग्णांवर काढलेलं उत्तर उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत उतरायला १७ मे २०२१ उजाडला. त्या ४६४ जणांनी दिलेलं उत्तर सात महिने कपाटात पडून होतं आणि बाहेर लोक प्लाझ्माच्या पिशवीसाठी पाया पडत होते.

तेव्हा प्रश्न बुद्धीचा नाही, पैशाचाही फारसा नाही. एकेका विद्यार्थ्याने एकेकट्या वॉर्डात पन्नास-पन्नास रुग्ण मोजून काही सिद्ध होत नाही, हे कुठलाही संख्याशास्त्रज्ञ सांगेल. पण तोच प्रश्न वीस कॉलेजांनी वाटून घेतला तर पन्नासाचे हजार होतात. सांगानेरचं विद्यापीठ हे उद्या करू शकतं. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत औषधं फुकट मिळतात आणि खिडकीवर दिलेल्या गोळ्यांची नोंद संगणकावर होते. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यानंतर कितीजण पुन्हा न्यायला येतात? जे येत नाहीत ते का येत नाहीत? एवढ्या एका प्रश्नावर वीस मुलांचे प्रबंध होतील आणि एकाचंही पान वाया जाणार नाही. आपल्याकडे नाशिकला म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठालाही हेच सांगणं आहे. १९९८ पासून तिथे जमा झालेल्या प्रबंधांत महाराष्ट्राच्या आजारांचा मोठा दस्तऐवज आहे, आणि तो एकेका बाइंडिंगमध्ये बंद आहे.

आणि सांगानेरच्या रंगाऱ्यांचं काय? तिथल्या कापडाच्या रंगांमध्ये जनुकीय बदल घडवणारे घटक आहेत का, याची जिवाणूंवर केलेली तपासणी २००७ साली छापून आली आहे, आणि असे रंग सापडले होते. विद्यापीठाच्या भिंतीपलीकडे माणसं कोपरापर्यंत रंगात हात बुडवून उभी आहेत. त्वचारोगाच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक भेगाळलेल्या हाताला ‘काम काय करता, कुठला रंग, हातमोजे घालता का, घातले तर ठसा नीट उठतो का’ हे विचारायला किती वेळ लागेल? आपल्याकडे प्राथमिक तपासणीत डॉक्टर रुग्णाला सरासरी दोनेक मिनिटं देतो, स्वीडनमध्ये बावीस. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेले हे आकडे सगळ्यांना माहीत आहेत. म्हणून मी म्हणतो, निदान प्रबंधाच्या रुग्णाला तरी बावीस मिनिटं द्या. प्रबंध त्यासाठीच तर असतो.

रुग्ण सही करतो ती विश्वासाने, आणि जयपुरात तो विश्वास एकदा जबर दुखावला गेला आहे. एप्रिल २०१८ मध्ये चुरू जिल्ह्यातल्या बिदासरकडच्या गावकऱ्यांना रोजी ५०० रुपयांचं आमिष दाखवून जयपूरच्या एका खासगी रुग्णालयात औषधचाचणीसाठी आणल्याचा आरोप झाला. गोळ्या घेतल्यावर काहींना त्रास झाला आणि चौकशा लागल्या. ज्यांना वाटलं की आपण कामाला चाललोय, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना कुठला संशोधक ‘सही करा’ म्हणणार आहे?

राजस्थान सरकारने आरयूएचएसचं रूपांतर दिल्लीच्या एम्सच्या धर्तीवर ‘रिम्स’ नावाच्या संस्थेत करायचं ठरवलं आहे. इमारती होतील, यंत्रं येतील, खाटा वाढतील. माझी मागणी एका फळ्याची आहे. प्रत्येक विभागाच्या ओपीडीबाहेर, जिथे पर्चीसाठी रांग लागते तिथे, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा: गेल्या वर्षी या विभागात अमुक इतक्या रुग्णांनी अमुक अभ्यासात भाग घेतला, निघालं हे, त्यावरून आम्ही उपचारात बदल केला तो हा. काही निघालं नसेल तर तेही लिहा. औषध चाललं नाही हेसुद्धा उत्तर आहे आणि त्याने पुढच्या माणसाचे पैसे वाचतात. असाच फळा ससूनमध्ये, केईएममध्ये, नागपूरच्या मेडिकलमध्ये, मिरजेला आणि संभाजीनगरच्या घाटीत मराठीत लागला पाहिजे. प्रबंध स्वीकारताना विद्यापीठाने एक पान जास्तीचं मागावं, रुग्णाला कळेल अशा भाषेतलं, आणि ते नसेल तर प्रबंध परत पाठवावा.

विद्यापीठं हे आपणहून करतील अशी वाट बघत बसू नका. पुढच्या वेळी तुमच्या आईच्या गुडघ्यासाठी किंवा भावाच्या साखरेसाठी सरकारी ओपीडीत गेलात आणि एखादा रेसिडेंट डॉक्टर नम्रपणे म्हणाला, ‘काका, एका अभ्यासासाठी सही हवी होती’, तर जरूर द्या; त्याशिवाय औषधं पुढे सरकत नाहीत. पण सही करण्याआधी माहितीपत्रक आपल्या भाषेत मागा आणि सही झालेल्या कागदाची एक प्रत मागा. नियमाने ती तुमची आहे. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबत नाहीत, हेही त्याच्याकडून वदवून घ्या. आणि त्या कागदावर संपर्काचा जो नंबर असतो त्याच्याखाली त्याच्याच हाताने लिहून घ्या: निकाल कधी कळवाल, आणि कुणी.